मदत हवी आहे: माडावरच्या उंदरांसाठी ठेवलेल्या विषारी वड्यांमुळे माळ्यावरच्या घुबडांना विषबाधा होईल का?

नमस्कार. सावंतवाडीजवळ आमची माडांची बाग आहे. उंदीर कोवळ्या शहाळ्यांना देठाकडून भोक पाडतात आणि सकाळी झाडाखाली त्यांचा सडा पडलेला असतो. म्हणून गेल्या महिन्यात ब्रोमाडिओलोन या उंदीरनाशक विषाच्या मेणवड्या आणून दर पाच माडांमागे एकाच्या शेंड्यात ठेवल्या आणि बारा दिवसांनी पुन्हा ठेवल्या. गळ बरीच थांबली.

पण त्यानंतर एकदा भर दुपारी पाणंदीत एक उंदीर बसलेला दिसला. शेजारी काठी आपटली तरी तो जागचा हलला नाही आणि त्याच्या नाकाशी रक्त सुकलेले होते. आमच्या गोठ्याच्या माळ्यावर गव्हाणी घुबडांची जोडी राहते; असा सुस्त उंदीर त्यांच्या हाती सर्वांत आधी लागणार, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले आणि मनाला फार लागले.

मी जे वाचले त्यावरून, हे विष व्हिटॅमिन के चे काम अडवते, त्यामुळे रक्त गोठत नाही. मात्र उंदीर लगेच न मरता काही दिवस हिंडतो, त्या काळात वडी खातच राहतो आणि विष त्याच्या यकृतात साठत जाते. घुबड उंदीर बहुधा अख्खाच गिळते. यकृतातला हा अंश महिनोन्महिने टिकतो, म्हणजे थोडे विष असलेले उंदीर वारंवार खाल्ले तरी ते साठत जाणार. कॅलिफोर्नियात २०१४ साली पी-२२ या पहाडी सिंहाला खरूज झाली, तेव्हा त्याच्या रक्तातही रक्त गोठू न देणारीच, पण जुन्या पिढीतली उंदीरनाशके सापडली होती. तिथे २०२१ पासून ब्रोमाडिओलोनसारख्या नव्या पिढीतल्या विषांच्या बहुतेक वापरावर बंदी आहे, पण शेतीला त्यातून सूट आहे.

शेजारी झिंक फॉस्फाईड वापरायला सांगतात. त्याचा वायू उंदराच्या पोटात तयार होतो आणि मांसात फारसे काही उरत नाही, त्यामुळे घुबडाला धोका कमी, हे मला पटते. परंतु पोटात न पचलेले आमिष राहू शकते, त्यावर उतारा नाही, आणि आमच्या अंगणात कोंबड्या व कुत्रा आहे. बुंध्याला पत्रा ठोकायचा तर झावळ्या एकमेकींत गुंतलेल्या असल्याने उंदीर वरच्या वर पलीकडे जातात.

दाट बागेत झावळ्या छाटून आणि पत्रे लावून, विषाशिवाय कोणी उंदीर आटोक्यात आणले आहेत का? शेंड्यात उरलेल्या वड्या मी काढून घेत आहे आणि मेलेले उंदीर खोल पुरत आहे. आणखी काय करावे?

माळ्याखाली रोज घुबडांनी ओकलेले, केसांचे आणि हाडांचे दोन-तीन गोळे सापडत. गेले तीन दिवस एकही सापडलेला नाही. एक घुबड दिवसाही पंख सैल सोडून तुळईवर बसलेले दिसते. ते खाली पडण्याची वाट पाहावी की आजच वनविभागाला कळवून पशुवैद्यांकडून व्हिटॅमिन के१ देता येईल का ते विचारावे? कोणी असे घुबड वाचवले असल्यास कृपया लवकर सांगावे.