मदत हवी आहे: पॉपअप बंद केला की लगेच पुन्हा उघडतो

आमच्या ॲप्लिकेशनमध्ये वर 'गाळणी' (फिल्टर) नावाचं बटण आहे. दाबलं की खाली पॉपअप उघडतो, त्यात चेकबॉक्स आहेत. बाहेर कुठेही क्लिक केलं की नीट बंद होतो. पण त्याच बटणावर दुसऱ्यांदा क्लिक केलं की क्षणभर मिटतो आणि परत उघडतो. सगळं करून पाहिलं. उद्या सकाळी डेमो आहे. कृपया कोणीतरी लवकर सांगा.

खिडकीवाला: कशात लिहिलंय? म्हणजे खिडक्या-बटणं बनवायला कोणती लायब्ररी वापरलीय: विनफॉर्म्स, डब्ल्यूपीएफ (WPF), क्यूटी, जावाएफएक्स? पॉपअप सगळ्यांत आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. 'सगळं करून पाहिलं' म्हणजे नेमकं काय, तेही लिहा.

साधा_माणूस: ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये 'पॉपअप आणि रीडायरेक्ट' असा पर्याय असतो. तिथे त्या साइटला परवानगी द्या, काम होईल.

धागाकर्ता: ब्राउझर नाही, डेस्कटॉप आहे. डब्ल्यूपीएफ, अजून काय.

खिडकीवाला: बटण साधं की टॉगलबटन, म्हणजे प्रत्येक क्लिकला चालू-बंद होणारं? पॉपअपचं इजओपन (तो उघडा आहे का हे ठरवणारा गुणधर्म) कशाला बांधलंय, म्हणजे कशाच्या किमतीशी जोडलंय? स्टेजओपन (StaysOpen, बाहेर क्लिक केलं तरी उघडंच राहायचं का) काय ठेवलंय?

धागाकर्ता: टॉगलबटन. इजओपन त्याच्या इजचेक्डला (बटण चालू आहे का) टू-वे बांधलंय, एक बदललं की दुसरंही बदलतं. स्टेजओपन फॉल्स, नाहीतर बाहेर क्लिक केल्यावर बंद कसा होणार?

खिडकीवाला: मग कारण स्पष्ट आहे. स्टेजओपन फॉल्स असताना पॉपअप माउस स्वतःकडे पकडून ठेवतो. बाहेर माउसचं बटण दाबलं गेलं की तो मिटतो आणि बाइंडिंगमुळे इजचेक्डही फॉल्स होतं. तोच क्लिक पुढे टॉगलबटनापर्यंत पोचतो. त्याला स्वतःची स्थिती 'बंद' दिसते, म्हणून ते ती 'चालू' करतं. दोघंही आपापलं काम बरोबरच करत आहेत.

उपाय: टॉगलबटनाचं इजहिटटेस्टव्हिजिबल (त्याला क्लिक लागतो का) पॉपअपच्या इजओपनला उलटं करून बांधा, म्हणजे ट्रूचं फॉल्स करणारा छोटा कन्व्हर्टर लागेल. पॉपअप उघडा असेपर्यंत बटणाला क्लिक लागणारच नाही.

मध्यरात्रीचा_कोड: कन्व्हर्टर वगैरे कशाला? स्टेजओपन ट्रू ठेवा आणि खिडकीच्या प्रिव्ह्यूमाउसडाउनमध्ये (माउस दाबल्याबरोबर येणारा इव्हेंट) स्वतः बंद करा. माझ्या तीन प्रोजेक्टमध्ये असंच आहे.

खिडकीवाला: आणि वापरणाऱ्याने खिडकी सरकवली तर? डब्ल्यूपीएफचा पॉपअप ही विंडोजच्या दृष्टीने स्वतंत्र खिडकी असते. मुख्य खिडकीबरोबर तो आपोआप सरकत नाही, जिथे उघडला तिथेच राहतो. वर दुसरं ॲप्लिकेशन पुढे आणलं तरी त्याच्या डोक्यावर तरंगत राहतो.

मध्यरात्रीचा_कोड: लोकेशनचेंज्ड इव्हेंटमध्ये (खिडकी सरकली की येतो) पॉपअपचा हॉरिझॉन्टलऑफसेट, म्हणजे आडवं अंतर, जरासं बदलून परत पूर्ववत करायचा, पॉपअप जागा नव्याने मोजतो. डिॲक्टिव्हेटेडमध्ये (दुसरं ॲप्लिकेशन पुढे आलं की) बंद करायचा.

खिडकीवाला: म्हणजे एका बाइंडिंगऐवजी तीन इव्हेंट हँडलर. पुढे हा कोड सांभाळणाऱ्याचाही विचार करा.

अनुस्वार: तुम्ही दोघं माउसवरच अडकलात. फक्त कीबोर्ड वापरणाऱ्याचं काय? डब्ल्यूपीएफचा पॉपअप उघडल्यावर फोकस (कीबोर्डची कळ कुठे लागणार ती जागा) आपोआप आत जात नाही, आणि एस्केपने तो बंदही होत नाही. ओपन्ड (पॉपअप उघडल्याच्या) इव्हेंटमध्ये पहिल्या चेकबॉक्सला फोकस द्या, एस्केप स्वतः हाताळा, बंद झाल्यावर फोकस बटणावर परत आणा. ज्यांना माउस धरता येत नाही त्यांच्यासाठी ही गाळणी आज अस्तित्वातच नाही.

जुना_विंडोजवाला: मुळात गाळणीसाठी पॉपअप हवाच कशाला? बाजूला कायमचं पॅनेल ठेवा. काय निवडलंय ते समोर दिसतं आणि हे सगळं टळतं.

धागाकर्ता: पॅनेलला जागा नाही, डिझाइन ठरलंय. खिडकीवाला, इजहिटटेस्टव्हिजिबल केलं, चाललं! मनापासून आभार. पण अजून एक. टेस्टरच्या लॅपटॉपवर पॉपअप बटणाच्या डाव्या कडेपासून सुरू न होता डावीकडे ढकलला जातो. माझ्याकडे बरोबर आहे. बिल्ड तोच.

अनुस्वार: टचस्क्रीन आहे का?

धागाकर्ता: हो. त्याचा काय संबंध?

अनुस्वार: टॅब्लेट पीसी सेटिंग्जमध्ये 'उजवा हात' निवडलेला असेल. मग मेनू हाताखाली झाकले जाऊ नयेत म्हणून विंडोज ते डावीकडे उघडतं, आणि डब्ल्यूपीएफचे पॉपअपही तेच पाळतात. त्या मशीनवर सिस्टमपॅरामीटर्समधलं मेनूड्रॉपअलाइनमेंट (मेनू कोणत्या बाजूला उघडायचे) तपासा, ट्रू येईल.

मध्यरात्रीचा_कोड: रिफ्लेक्शनने, म्हणजे लायब्ररीच्या आतल्या खाजगी किमतीला कोडमधून हात घालून, ती किंमत आपल्या ॲपपुरती फॉल्स करता येते.

अनुस्वार: येते, पण करू नका. ती वापरणाऱ्याच्या हाताची सोय आहे, आपल्या मांडणीची चूक नाही. डावीकडे उघडल्यावर काही कापलं जात नाही ना, एवढंच पाहा.

धागाकर्ता: ट्रूच आलं. कापलं जात नाही, तसंच ठेवतो. एस्केप आणि फोकसचं आत्ता घालतोय. पहिला चेकबॉक्स आयटम्सकंट्रोलमध्ये (डेटावरून यादी बनवणारा भाग) आहे, ओपन्डमध्ये तो अजून तयार नसतो. त्याला फोकस कसा द्यायचा?

अनुस्वार: डिस्पॅचरच्या बिगिनइन्व्होकने (काम रांगेत टाकून थोडं नंतर करायचं), प्रायॉरिटी इनपुट ठेवून. तोवर लेआउट झालेला असतो. मग पॉपअपच्या चाइल्डवर (आतल्या मजकुरावर) मूव्हफोकस, दिशा फर्स्ट.