काट्यावरचं सॉफ्टवेअर आणि लांबचा डेटाबेस: ओआरएमने क्वेऱ्या साठवून एकदम पाठवाव्यात का?

काटापट्टी (हिंगणघाट तालुका):
माझं मत आधी सांगतो, कारणं मागून. डेटाबेस लांब असेल तर एका स्क्रीनला लागणाऱ्या वाचनाच्या क्वेऱ्या एकेक करून पाठवू नयेत. ओआरएमला, म्हणजे कोडमधले ऑब्जेक्ट आणि डेटाबेसची टेबलं यांची सांगड घालणाऱ्या लायब्ररीला, त्या साठवू द्याव्यात आणि पहिल्या उत्तराची गरज पडली की सगळ्या एकाच फेरीत (डेटाबेसकडे जाऊन उत्तर घेऊन परत येणं) सोडाव्यात. एनहायबरनेट या डॉटनेटच्या ओआरएममध्ये ही सोय २००९ च्या २.१ आवृत्तीपासून आहे, तिला फ्यूचर म्हणतात. तरी आपल्याकडे कोणी ती वापरताना दिसत नाही.

आमचं काम जिनिंगचं. काट्याच्या केबिनमध्ये विंडोजचा पीसी, त्यावर डॉटनेटचा डेस्कटॉप प्रोग्राम, आणि पोस्टग्रेस डेटाबेस मुंबईच्या क्लाऊडवर. मधे कुठलाही सर्व्हर नाही. ट्रॅक्टर काट्यावर चढला की ऑपरेटर शेतकऱ्याचा कोड टाकतो. मग स्क्रीनला लागतं ते असं: नाव-गाव आणि बँक खातं, आजचा भाव, उचल किती बाकी, हंगामातल्या आधीच्या काटापट्ट्या, हमाली-तोलाईचे दर, आणि त्या गाडीचं मागचं रिकामं वजन. सहा क्वेऱ्या झाल्या. इंडेक्स सगळे जागेवर आहेत, डेटाबेसला त्यात काहीच कष्ट नाहीत. पण लाइन मोबाइल डेटाची. फेरीला १०० मिलिसेकंद धरले तरी सहाशे झाले, आणि रेंज पडून फेरी ३०० वर गेली की जवळजवळ दोन सेकंद ऑपरेटर नुसता स्क्रीनकडे पाहत बसतो. दिवाळीनंतरच्या आवकेत बाहेर रस्त्यापर्यंत गाड्या लागलेल्या असतात आणि प्रत्येक गाडीचं वजन दोनदा होतं, भरलेलं आणि रिकामं.

नागपूर ते मुंबई आठशेएक किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ८ मिलिसेकंद कोणाच्याच हातात नाहीत. टॉवरचा उशीर त्याच्यावर. क्वेरी कितीही ट्यून करा, यातलं काही कमी होत नाही. कमी होऊ शकतात त्या फक्त फेऱ्या.

वर्धेकर_बॅकएंड:
भाऊ, दुखणं एकीकडे आणि मलम दुसरीकडे चाललंय. केबिनमधला प्रोग्राम थेट मुंबईच्या डेटाबेसशी बोलतो, हेच मूळ दुखणं. मधे एक एपीआय ठेवा, म्हणजे काट्याच्या वतीने डेटाबेसशी बोलणारा सर्व्हरवरचा प्रोग्राम, तो डेटाबेसच्या शेजारी त्याच डेटा सेंटरमध्ये चालवा. तिथे एक फेरी मिलिसेकंदाच्या आत होते, सहा एकामागून एक पाठवल्या तरी कोणाला कळणार नाही. केबिनमधून एकच कॉल जाईल. शिवाय आज तुमच्या डेटाबेसचा पासवर्ड त्या केबिनमधल्या पीसीवर पडून आहे, तो विषय वेगळा पण लहान नाही.

फ्यूचरबद्दल माझा खरा आक्षेप दुसरा आहे. क्वेरी कधी सुटणार हे कोडच्या ओळींच्या क्रमावर ठरतं. तुम्ही वर सहा क्वेऱ्या नोंदवल्या आणि खाली वाचल्या, छान. सहा महिन्यांनी नवीन मुलगा येतो, तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या मधे लॉगची एक ओळ टाकतो, शेतकऱ्याचं नाव छापायला. नाव वाचलं की तोवर नोंदवलेल्या तिन्ही तिथेच सुटल्या. उरलेल्या तीन दुसऱ्या फेरीत. प्रोग्राम बरोबर चालतो, एकही टेस्ट पडत नाही, रिव्ह्यूत कोणी पकडत नाही. नुसता वेग जातो. ज्या कोडमध्ये अशी निरुपद्रवी ओळ वागणूक बदलते, तो कोड मला टीममध्ये नको.

काटापट्टी:
एपीआय ठेवला तरी तो काय करणार? सहा गोष्टी गोळा करून एका उत्तरात देणार. म्हणजे बॅच तुम्हीही करताय, फक्त हाताने आणि एक थर वर जाऊन. प्रत्येक नव्या स्क्रीनला नवा एंडपॉइंट (एपीआयमधला नवा कॉल), त्याचं व्हर्जन, त्याचं डिप्लॉयमेंट. मोठ्या टीमला ते परवडतं. हंगामापुरतं काम मिळणाऱ्या दोन माणसांच्या दुकानाला तो मोठा बोजा आहे.

पासवर्डचं म्हणणं बरोबर. प्रत्येक काट्याला वेगळा रोल (डेटाबेसचं खातं), लागतील तेवढ्याच टेबलांचे हक्क आणि टीएलएस (लाइनवरचं एन्क्रिप्शन), हे हवंच. बॅचिंगशी त्याचा संबंध नाही.

लॉगच्या ओळीला उत्तर आहे. एनहायबरनेटचं स्टॅटिस्टिक्स चालू केलं की किती स्टेटमेंट तयार झाली ते मोजता येतं. काट्याच्या स्क्रीनची टेस्ट तो आकडा तपासते. कोणी मधे वाचलं की आकडा वाढतो आणि टेस्ट पडते. वेग हीसुद्धा अपेक्षाच आहे, मग ती टेस्टमध्ये लिहायला काय हरकत?

संत्रापट्टा (वरुड):
दोन वेगळ्या गोष्टी इथे एकत्र होताहेत, आधी त्या सोडवू या. काटापट्टीदादा म्हणतात त्या सहा स्वतंत्र क्वेऱ्या, एकीचं उत्तर दुसरीला लागत नाही. लोकांना रोज छळतो तो एन प्लस वन वेगळा: शंभर लॉटची यादी आणली आणि प्रत्येक लॉटसमोर बागाईतदाराचं नाव छापताना ओआरएम गुपचूप आणखी शंभर क्वेऱ्या मारतो. दोन्हीला लोक बॅचिंग म्हणतात, पण इलाज वेगळे.

मी जँगोवर (पायथनचं वेब फ्रेमवर्क, ओआरएम त्यातच येतो) काम करते, आमच्याकडे संत्र्याच्या लॉटच्या नोंदी. जँगोत क्वेरीसेट, म्हणजे कोडमध्ये मांडलेली क्वेरी, आळशी असतो, वापरेपर्यंत डेटाबेसकडे जात नाही, पण असे अनेक क्वेरीसेट एका फेरीत पाठवायची सोय मुळात दिलेली नाही. एन प्लस वनसाठी मात्र सिलेक्ट रिलेटेड आहे, ते जॉइन करतं, म्हणजे दोन टेबलं एकाच क्वेरीत जोडून आणतं. आणि २०१२ च्या १.४ आवृत्तीपासून प्रीफेच रिलेटेड आहे, ते दुसरी क्वेरी इन लावून, म्हणजे हव्या त्या आयडींची यादी देऊन, आणतं. दोन्ही मला हाताने लिहावे लागतात आणि मला तेच आवडतं. व्ह्यू वाचला की कळतं काय येणार आहे.

ओआरएमने आपोआप बॅच करण्याला माझा विरोध आहे. हायबरनेट या जावाच्या ओआरएममध्ये डिफॉल्ट बॅच फेच साइज, म्हणजे एका वेळी किती आणायचे तो आकडा, १६ ठेवली, तर ते शंभर बागाईतदार सातेक क्वेऱ्यांत येतात. यादीची एक धरून एकशे एकच्या आठ झाल्या. सगळे खूश. पण जिथे जॉइन टाकून एक व्हायला हवी होती तिथे आठ राहिल्या आणि आता कोणालाच ते दिसत नाही, कारण पान पुरेसं लवकर उघडतं. उद्या यादी दोन हजारांची झाली की परत रडारड. आणि इनची यादी हवी तेवढी लांब करता येत नाही. एसक्यूएल सर्व्हरला एका क्वेरीत २,१०० पॅरामीटरपर्यंतच चालतात, ऑरॅकलमध्ये वर्षानुवर्षं इनमध्ये १,००० ची मर्यादा होती. एसक्यूएलअल्केमी या पायथनच्या ओआरएमचं सिलेक्ट इन लोडिंग म्हणूनच पाचशे-पाचशेचे तुकडे पाडतं.

जुना_डीबीए (अमरावती):
तुम्हा तिघांनाही वाचलं. मी डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा, म्हणून डेटाबेसच्या बाजूने काही सांगतो.

बॅचमध्ये उत्तरं क्रमाने येतात. आधीच्या काटापट्ट्यांची क्वेरी एखाद्या दिवशी जड गेली, डेटाबेसने टेबलांबद्दल ठेवलेली आकडेवारी जुनी झाली, क्वेरी चालवायचा प्लॅन बदलला, तर तिच्या मागे हमालीचे दर अडकतात, जे एरवी क्षणात आले असते. शेवटच्या नंबरला ठेवली तरी ओआरएम सगळे निकाल वाचून झाल्यावरच पहिलं हातात देत असेल, तर काही फायदा नाही.

चूक झाली की शोधणं अवघड. सहापैकी एका क्वेरीत कॉलमचं नाव चुकलं, तर एक्सेप्शन येतं ते जिथे पहिलं उत्तर वाचलं त्या ओळीवर. चुकीची क्वेरी वीस ओळी वर, कदाचित दुसऱ्याच फाइलीत. आणि बाकीच्या पाचही बुडाल्या. भाव दाखवता आला असता, तोही नाही दाखवता आला.

बरेच जण असं धरून चालतात की एका फेरीत गेल्या म्हणजे सगळी उत्तरं एकाच क्षणाची. तसं नाही. पोस्टग्रेसमध्ये रीड कमिटेड (वाचताना कोणता डेटा दिसावा याची एक पातळी) असेल, आणि डिफॉल्ट तेच असतं, तर प्रत्येक स्टेटमेंट आपला वेगळा स्नॅपशॉट (त्या क्षणाचं चित्र) घेतं. उचल वाचली आणि काटापट्ट्या वाचल्या, त्या मधल्या वेळात दुसऱ्या काट्यावर नोंद झाली तर हिशेब जुळणार नाही. एकाच क्षणाचं चित्र हवं असेल तर रिपीटेबल रीड ही पातळी लावा.

मायएसक्यूएलवाल्यांनी आणखी एक पाहावं. एका स्ट्रिंगमध्ये अनेक स्टेटमेंट पाठवायची मुभा जावाच्या नेहमीच्या ड्रायव्हरमध्ये मुळात बंद असते, आणि ती कारणाशिवाय बंद नाही. कुठे इंजेक्शनची फट (बाहेरून टाकलेला मजकूर क्वेरीत घुसवायची वाट) राहिली तर हल्लेखोराला पुढे अख्खं दुसरं स्टेटमेंट जोडता येतं. फक्त वेगासाठी ती उघडताना दहादा विचार करा.

माझा सल्ला जुनाच आहे: त्या स्क्रीनसाठी एक फंक्शन डेटाबेसमध्ये लिहा, शेतकऱ्याचा कोड द्या, सगळं एका उत्तरात घ्या.

पुसदचा_पोरगा:
तुमी सारे शाने लोक हा, पन मले एक सांगा, लाइनच गेली तं ते फ्यूचर कायच्या कामाचं? आमच्या इकडं पावसात टॉवर बंद पडला का दोन-दोन घंटे येत नाही. गाडी काट्यावर उभी, शेतकरी वरडून राह्यला, न स्क्रीनवर गोल फिरून राह्यलं. म्या काट्याच्याच पीसीवर पोस्टग्रेस बसवलं. फेरी हाय का नाही तेच समजत नाही इतकं जलदी चालते. रातच्याले सिंक करतो मुंबईले. फेऱ्या कमी कायले करता राजेहो, डेटाबेसच जवळ आना!

काटापट्टी:
पुसदच्या भाऊ, जवळ डेटाबेस हा सगळ्यात चांगला वेग, वादच नाही. पण आमच्या जिनिंगचे तीन काटे तीन गावांत आहेत आणि उचल एकाच खात्यावर चालते. सकाळी एका गावात शेतकऱ्याने उचल घेतली आणि दुपारी दुसऱ्या गावात गाडी लावली, तर तुमच्या काट्यावर ती उचल रात्रीच्या सिंकशिवाय दिसणार नाही. पैसे जास्त दिले जातात आणि मग ते मागायला शेतकऱ्याच्या दारात जावं लागतं. भाव, दर, गाडीचं वजन हे जवळ ठेवायला माझी हरकत नाही. उचल मध्यवर्तीच हवी.

डीबीए काका, फंक्शनचा सल्ला मी टाळतोय कारण त्यातून येणारं उत्तर परत ऑब्जेक्टमध्ये मांडायचं काम माझ्यावर पडतं, आणि मॅपिंग दोन ठिकाणी राहतं. सगळं एका जॉइनमध्ये ओढा असंही कोणी सुचवेल. ते तर नकोच: एका शेतकऱ्याच्या चाळीस काटापट्ट्या आणि पाच उचली एका जॉइनमध्ये घेतल्या की दोनशे ओळी येतात, प्रत्येक काटापट्टी पाच वेळा. याच कारणासाठी मायक्रोसॉफ्टच्या एन्टिटी फ्रेमवर्क कोअर या ओआरएमने २०२० मध्ये ५.० आवृत्तीत जॉइन फोडून वेगवेगळ्या क्वेऱ्या करायची सोय दिली. फोडल्या की फेऱ्या वाढतात, आणि तिथे परत बॅचिंगच लागतं.

चूक कुठे झाली याला इलाज आहे. प्रत्येक क्वेरीला कमेंट लावायची, उचल-बाकी, भाव-आज अशी. कॉन्फिगमध्ये एसक्यूएल कमेंट चालू केल्या की लॉगमधल्या मजकुरावरून क्वेरी ओळखता येते.

जड क्वेरी बाकीच्यांना अडवते हे मात्र तुमचं म्हणणं मला पटलं. काटापट्ट्यांचा इतिहास बॅचबाहेर काढतो, ऑपरेटरने टॅब उघडला तरच येईल. भाव आणि उचल अडता कामा नये.

संत्रापट्टा:
दादा, एक राहिलं. सगळ्या क्वेऱ्या शेतकऱ्याच्या कोडवरून चालतात का? आधी कोडवरून शेतकऱ्याचा आयडी आणायचा आणि मग आयडीवर बाकीच्या, असं असेल तर कमीत कमी दोन फेऱ्या, फ्यूचर असो वा नसो.

काटापट्टी:
उचलीच्या क्वेरीत शेतकऱ्याच्या टेबलाशी जॉइन करून कोडवरच अट टाकली आहे, आयडीची वाट पाहत नाही. गाडीचं वजन गाडी नंबरवर येतं, तो ऑपरेटर आधीच टाकतो. भाव आणि दरांना शेतकरी लागतच नाही. फ्यूचर वापरणाऱ्याने आधी हे करावं. क्वेऱ्या एकमेकींवर अवलंबून ठेवल्या तर साठवून काही उपयोग नाही.

वर्धेकर_बॅकएंड:
ताईंनी बरोबर ठिकाणी बोट ठेवलं. फ्यूचर नुसतं शेवटी लावून भागत नाही, त्याच्यासाठी क्वेऱ्या मुळातून वेगळ्या लिहाव्या लागतात. मग ओआरएम आपल्यासाठी फेऱ्या वाचवतो, असं म्हणण्यात अर्थ राहत नाही. विचार माणसानेच केला. मला हाताने नोंदवलेलं फ्यूचर चालेल, पण स्टेटमेंटची संख्या मोजणारी टेस्ट सोबत असेल तरच. आपोआप होणाऱ्या बॅचिंगला माझा विरोध कायम. आणि दोन माणसांच्या दुकानातही तिसऱ्या काट्याच्या आधी मी एपीआय लावला असता.

जुना_डीबीए:
ड्रायव्हर बदलाल तेव्हा ती टेस्ट पुन्हा चालवा. एका कमांडमध्ये अनेक क्वेऱ्या ज्या ड्रायव्हरला जमत नाहीत, तिथे एनहायबरनेट तक्रार न करता त्या एकेक करून पाठवतो. उत्तरं बरोबर येतील, फेऱ्या मात्र परत होत्या तेवढ्याच.

काटापट्टी:
हो काका. नुसत्या स्टेटमेंटच्या आकड्यावर त्यासाठी विसंबणार नाही. पोस्टग्रेसच्या ड्रायव्हरचं लॉगिंग लावून पाचही क्वेऱ्या खरंच एका कमांडमध्ये जातात का, ते दर अपडेटला पाहायचं, एवढं कामाच्या यादीत टाकलं आहे. काटापट्टी सेव्ह करण्याला यातलं काहीच लागू नाही. पावती छापायच्या आधी ती लगेच लिहिली जाते आणि कमिट झाल्याशिवाय प्रिंटर चालत नाही.