मदत हवी: माहितीपत्रकात 'वर्थ' कसं वापरायचं?

गोदाकाठ: होमस्टेचं इंग्रजी माहितीपत्रक आज संध्याकाळी छपाईला जातंय. 'वर्थ'च्या वाक्याखाली सारखी रेघ येतेय. काय चुकतंय? लवकर सांगा.

भाषाप्रेमी: वाक्य तर टाका! 'वर्थ'च्या मागेपुढे काय आहे त्यावरच सगळं आहे.

गोदाकाठ: 'पांडवलेणी इज वर्थ टू व्हिजिट.'

शब्दवेध: 'टू' काढा. 'वर्थ'पुढे नाम किंवा आयएनजी लावलेलं क्रियापद येतं: 'वर्थ अ व्हिजिट' किंवा 'वर्थ व्हिजिटिंग'. त्यापुढे 'इट' जोडू नका, कारण पाहायचं ठिकाण कर्ता म्हणून आधीच आलंय. वाक्य 'इट'ने सुरू केलंत तर मात्र ठिकाण शेवटी हवं: 'इट इज वर्थ व्हिजिटिंग पांडवलेणी.'

त्र्यंबकरोड: एवढं कशाला? 'वर्दी टू व्हिजिट' लिहा, तिथे 'टू' चालतो.

शब्दवेध: नाही चालत. त्यातून लेणीच कुठेतरी भेट द्यायला लायक आहेत असा अर्थ निघतो. 'वर्दी ऑफ अ व्हिजिट' हे बरोबर. 'टू' हवाच असेल तर 'इट इज वर्थव्हाइल टू व्हिजिट पांडवलेणी'.

सातपूरकर: 'मस्ट व्हिजिट' लिहा आणि मोकळे व्हा.

भाषाप्रेमी: ते प्रत्येक जाहिरातीत असतं. 'वर्थ'मध्ये जाण्याचे कष्ट सार्थकी लागतील हे येतं, ते घालवू नका.

सातपूरकर: बरं, 'पांडवलेणी केव्हज' तर लिहिलं नाही ना? लेणी म्हणजेच केव्हज.

त्र्यंबकरोड: बाहेरच्या पाहुण्याला काय कळणार? केव्हज हवंच. आणि डोंगराच्या पायऱ्या चढाव्या लागतात हेही छापा, वयस्कर मंडळींना आधी कळलेलं बरं.

शब्दवेध: केव्हज लिहिलंत तर 'इज'चं 'आर' करा, कर्ता अनेकवचनी झाला.

गोदाकाठ: पायऱ्यांचं नंतर बघते. अजून एक आहे: 'अ व्हेरी वर्थ सीइंग प्लेस'.

शब्दवेध: यात दोन चुका आहेत. 'वर्थ' असं नामाआधी बसत नाही, नामानंतर येतं: 'अ प्लेस वर्थ सीइंग'. आणि जोर द्यायला 'व्हेरी' नाही, 'वेल' लावतात: 'अ प्लेस वेल वर्थ सीइंग'.

गोदाकाठ: आणि 'फाइव्ह हंड्रेड रुपीज वर्थ ऑफ ग्रेप्स'?

भाषाप्रेमी: इथे 'वर्थ' नाम आहे, म्हणून 'ऑफ' बरोबर. फक्त 'रुपीज'च्या शेवटच्या एसनंतर अपॉस्ट्रॉफी द्या. प्रूफमध्ये नेमकी तीच सुटते.