करंजांवर चढलेली गुलाबी वेल, मुळासकट कशी काढू?

कोतरवाला: नमस्कार, बडोद्यात विश्वामित्री नदीच्या कोतराला (घळीला) लागून आमची वाडी आहे, तिथल्या करंज-बोरांवर ती गुलाबी फुलांची आइसक्रीम वेल (कोरल व्हाइन) चढलीय, 2024 च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर तर पार खालपर्यंत पसरली. दोनदा कापली तरी महिन्याभरात परत हजर. खालची करंजाची रोपं उन्हाविना पिवळी पडून मरताहेत, बघवत नाही हो.

परसबाग_ताई: दादा, नुसती कापून काही होणार नाही. ही मूळची मेक्सिकोची, जमिनीखाली कंद असतात आणि तिथूनच फुटते. आधी कमरेएवढ्या उंचीवर दांडे कापा, वरचं ओढू नका, फांद्या मोडतात, झाडावरच वाळू दे. मग पाऊस पडून माती मऊ झाली की दांड्याचा माग काढत कुदळीने खणा. आमच्याकडे रताळ्यासारखे गाठीगाठीचे कंद निघाले, एक तुकडा राहिला तर तिथूनच पुन्हा लालसर कोंब आला! कंद गोणीत भरा, तिथेच टाकू नका.

सयाजीगंजकर: आणि बी धरायच्या आधी करा, बी पाण्यावर तरंगतं, एका पुरात कुठल्या कुठे जातं. तणनाशक नदीकाठी अजिबात नको.

कोतरवाला: ताई, खूप आभार. पण अगदी काठावरचं खणायचं का? मगरी आहेत.

सयाजीगंजकर: नाही नाही, तिथे आधी वनविभागाला विचारा. उन्हाळ्यात मगरी काठावरच अंडी घालतात, जूनच्या सुमाराला पिल्लं निघतात आणि मादी जवळच असते. वाडीकडून सुरुवात करा.