पणजीच्या फोंताइन्यशमधल्या जुन्या घराचे पूर्वीचे रहिवासी
पूर्वीचे रहिवासी शोधताना फक्त फॉर्म डी (सिटी सर्व्हेचा मालमत्तेचा उतारा) पाहून थांबू नका. त्यावरचा चलता नंबर (जागेचा) आणि पी.टी. शीट नंबर (नकाशाच्या पानाचा) हे सर्व्हेचे. पोर्तुगीज काळातला माग त्याने लागत नाही. त्यासाठी जुन्या विक्रीखतातला 'देस्क्रिसांव' नंबर (पोर्तुगीजकालीन जमीन नोंदणीतला मालमत्तेच्या वर्णनाचा क्रमांक) धरून सब-रजिस्ट्रारकडे नोंदीची नक्कल मागा. त्यात चतुःसीमा असतात, पण शेजाऱ्यांच्या नावांनी, म्हणून आजूबाजूच्या घरांचे उतारेही लागतातच. 'मात्रीझ' ही करासाठीची नोंद, मालकीचा पुरावा नव्हे. इथेच बहुतेकांची गल्लत होते. खरा खजिना म्हणजे वाटपाचा 'इन्व्हेंतार', म्हणजे मृताची मालमत्ता वारसांत वाटतानाचे कोर्टाचे कागद : वारस, त्यांचे जोडीदार, कधी खोल्यांचं वर्णनसुद्धा! भाडेकरू मात्र यात क्वचितच सापडतात. त्यांच्यासाठी जुनी वीजबिलं, घरपट्टीच्या पावत्या, मतदार याद्या चाळा. नावांचं स्पेलिंग दर कागदावर वेगळं निघेल, तेवढं सांभाळा.