युद्धकैदेतली साडेतीन वर्षं पदकावर का दिसत नाहीत? गोरखा सैनिकांबद्दल

घाटवाट
सिंगापूर १५ फेब्रुवारी १९४२ ला पडलं आणि गोरखा रायफल्सच्या तीन पलटणी जपान्यांच्या कैदेत गेल्या: २/१, २/२ आणि २/९ (म्हणजे पहिल्या, दुसऱ्या आणि नवव्या गोरखा रेजिमेंटची प्रत्येकी दुसरी पलटण). मलायात त्या उत्तरेकडून लढत लढत मागे सरकत आल्या होत्या. ७ जानेवारीला स्लिम नदीकाठी तर त्यांची दैना झाली. २/१ पलटण रस्त्यावरून कूच करत असताना जपानी रणगाडे थेट तिच्या रांगांत घुसले. इतर दोन पलटणींतले काही जण पुढे नदी ओलांडताना बुडाले.

वाचले ते ऑगस्ट १९४५ पर्यंत कैदेत राहिले. उपासमार, बेरीबेरी, मलेरिया, वेठबिगारी, मारहाण. त्याबद्दल मिळालं काय? १९३९-४५ स्टार, पॅसिफिक स्टार आणि वॉर मेडल. दोन्ही स्टार सहा टोकांचे, पिवळसर धातूचे. पॅसिफिक स्टारच्या फितीत मधोमध हिरवा रंग, त्यात पिवळी रेघ, कडांना लाल. या फितीवरून माणूस लढून परतला की साडेतीन वर्षं कैदेत खितपत पडला, काहीच कळत नाही. अमेरिकेने १९८५ मध्ये युद्धकैद्यांसाठी वेगळं पदक काढलं; ब्रिटनने त्या महायुद्धातल्या कैद्यांसाठी काढलं नाही. माझं मत स्पष्ट आहे: कैदेत माणूस म्हणून टिकून राहणं हीही लष्करी सेवाच, आणि तिची नोंद पदकावर असायला हवी होती.

सिंधुदुर्गकर
घाटवाट, तुमची कळकळ कळते, पण मला हे पटत नाही. त्याच २/१ पलटणीतले दोघे तुम्ही विसरलात. दुर्गा मल्ल कैदेतून आझाद हिंद सेनेत गेले, १९४४ मध्ये मणिपूरच्या सीमेवर पकडले गेले आणि त्याच वर्षी २५ ऑगस्टला दिल्लीत फासावर गेले. 'कदम कदम बढाये जा'ला चाल देणारे रामसिंह ठाकुरीही त्याच पलटणीतले. आमच्या सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसलेसुद्धा सिंगापूरलाच कैद झाले आणि आझाद हिंद सेनेत मोठ्या पदावर पोहोचले. या लोकांनी पगार, पेन्शन, जीव सगळं पणाला लावलं. इंग्रजांच्या राजासाठी मार खाणाऱ्याचा सन्मान इंग्रजांनी करावा. आपण का करायचा?

फौजीची लेक
सिंधुदुर्गकर दादा, दुर्गा मल्ल यांच्याबद्दल दुमत नाही. २००४ मध्ये संसदेच्या आवारात त्यांचा पुतळा उभा राहिला, तो फार उशिरा. पण ते डेहराडूनजवळच्या डोईवाल्याचे आणि ठाकुरी धर्मशाळेजवळच्या खनियाऱ्याचे. दोघंही हिंदुस्थानात स्थायिक झालेल्या गोरखा घरांतले. कैद्यांमधले कितीतरी मगर, गुरुंग, छेत्री मात्र नेपाळच्या डोंगरातले, दुसऱ्या देशाचे प्रजाजन. त्यांनी आपल्या स्वातंत्र्यासाठी शपथ मोडायला हवी होती, ही अपेक्षा कोणत्या हक्काने ठेवायची?

माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. घरात एकच शिकवण होती: ज्याचं मीठ खाल्लं त्याला जागायचं आणि शेजारच्या जवानाला सोडायचं नाही. आझाद हिंद सेनेत जायला नकार देणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर राजाच होता, असं मला वाटत नाही. पलटण होती, गाव होतं, घरी जाणारी मनीऑर्डर होती.

सिंधुदुर्गकर
नेपाळचा मुद्दा वजनदार आहे, मान्य. तरी तराजू मला समान वाटत नाही. स्वातंत्र्यानंतर आझाद हिंदवाल्यांना सैन्यात परत घेतलं नाही. स्वातंत्र्यसैनिकांची पेन्शन थेट १९७२ पासून. आधी ती बाकी फेडू, मग बाकीचं.

कोर्टकचेरी
पदकाआधी पैशांचं बोला. नोव्हेंबर २००० मध्ये ब्रिटिश सरकारने जपान्यांच्या कैदेत राहिलेल्यांना प्रत्येकी १०,००० पौंड जाहीर केले. गोरखा वगळले. कारण काय, तर ते तेव्हा ब्रिटिश लष्करात नव्हते, हिंदी लष्करात होते आणि त्यांना हिंदी लष्करी कायदा लागू होता. तिघा माजी सैनिकांनी लंडनच्या हायकोर्टात दाद मागितली. नोव्हेंबर २००२ मध्ये न्यायमूर्ती मॅकॉम्ब यांनी निकाल दिला, की हे वगळणं तर्काला धरून नाही आणि समतेच्या तत्त्वाशी विसंगत आहे. गोऱ्या आणि 'नेटिव्ह' शिपायांसाठी वेगवेगळे कायदे होते, त्या जुन्या भेदभावावरच हा सगळा डोलारा उभा होता. सुटकेनंतर सत्तावन्न वर्षांनी! तोवर किती जण हयात असतील?

तोफखाना
घाटवाट, तुमच्या मूळ मागणीला माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. पकडलं जाणं हे शौर्य नव्हे. शरणागती सिंगापूरचे ब्रिटिश सेनापती पर्सिव्हल यांची होती, शिपायाची नव्हे, हे खरं. पण सरसकट सगळ्यांना पदक दिलं तर ज्याने खरंच छळ सोसून तोंड उघडलं नाही, तो गर्दीत हरवतो. तशांना मान मिळालाही आहे. ७ राजपूतचे कॅप्टन मतीन अन्सारी यांना हाँगकाँगला १९४३ मध्ये ठार मारलं, त्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस हे ब्रिटनचं मोठं शौर्यपदक मिळालं. बहावलपूरच्या पलटणीतले महमूद खान दुर्रानी यांनाही तेच मिळालं. पुरावा असेल तिथे पदक मिळतं.

घाटवाट
तोफखाना, हे दोघंही कॅप्टन होते, याकडे लक्ष द्या. पदकासाठी शिफारस लागते, ती कोणीतरी डोळ्यांनी पाहून लिहावी लागते. १७ फेब्रुवारीला सिंगापूरच्या फॅरर पार्क मैदानावर हिंदी सैन्य जपान्यांच्या ताब्यात दिलं गेलं, गोरे अधिकारी चांगीच्या वेगळ्या छावणीकडे गेले. पलटणीतल्या सुभेदार-जमादारांनी पुढे काय सोसलं, हे लिहून वर पाठवणारा अधिकारी तिथे उरलाच नाही. पुरावा नाही म्हणून पदक नाही, असं म्हणताना पुरावा का नाही हेही बघावं लागेल. म्हणूनच मी सरसकट नोंद मागतो. शौर्यपदक नको, नुसती कैदेची खूण असलेली पट्टी फितीवर चालली असती.

तोफखाना
पट्टी चालेल. पदक नाही. एवढं मान्य.

फौजीची लेक
सिंधुदुर्गकर दादा, 'आपण का करायचा' याचं उत्तर राहिलं. १९४७ च्या वाटणीत दुसरी रेजिमेंट ब्रिटनकडे गेली, पण पहिली आणि नववी आपल्याकडे राहिल्या. म्हणजे त्या तीनपैकी दोन पलटणींचा वारसा आज भारतीय सैन्याचा आहे. दुर्गा मल्ल ज्या पलटणीचे, तीच. नकार देऊन छावणीत मेलेले तिचेच जवान.

सिंधुदुर्गकर
मग दोन्ही बाजूंची नावं एकाच यादीत लावा, हिमाचलातल्या सुबाथूच्या गोरखा रेजिमेंटल सेंटरमध्ये. आधी मल्ल, मग बाकीचे. क्रमावर मी तडजोड करणार नाही.

घाटवाट
यादी झाली तर क्रमावरून मी भांडणार नाही.