मदत हवी आहे: खाडीच्या पाण्यातला ऑक्सिजन मोजायचाय

नमस्कार मंडळी. ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता) मिळाला, पण आमच्या जाळ्यात बोय, कोळंबी कमीच येते. परवा पहाटे ओहोटीला मेलेले बोय तरंगत होते. बाबा कितीतरी वेळ होडीत गप्प बसून राहिले.

मला विंकलर पद्धतीने (रसायनं घालून, टायट्रेशन करून) पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचाय. बुडबुडा न ठेवता बाटली भरायची, मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड जागेवरच घालायचं, एवढं कॉलेजात शिकलेय. पण इथल्या काळ्या गाळाला सडक्या अंड्यांचा वास येतो, म्हणजे सल्फाइड. या पद्धतीत ऑक्सिजनच्या प्रमाणात आयोडीन तयार होतं आणि तेच मोजतात; सल्फाइड ते आयोडीन खातं आणि आकडा उगाच कमी दिसतो. यावर उपाय काय? मीटर घेतला तर खारेपणाची दुरुस्ती कशी करता? खाडीत काम केलेल्या कुणीतरी कृपया सांगा.